उघड्या सांध्यांच्या भिंती

१० सप्टेंबर २०२५ ला आमच्या खालच्या खोलीत जिप्समचा शेवटचा बोर्ड बसला. त्या बोर्डांचे सांधे भरायला माणूस आला तो २२ नोव्हेंबरला. मधले त्र्याहत्तर दिवस आमचं अर्धं घर प्लास्टिकच्या पडद्यामागे होतं. त्या दिवसांत घरात काय झालं आणि घराबाहेर काय चाललं होतं, ते लिहून ठेवतेय. आमच्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी यंदा घराचं काम काढलं, त्या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "कॉन्ट्रॅक्टर फोनच उचलत नाही." पहिले आठ-दहा दिवस माझ्याही तोंडी तेच होतं.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला, नेपरविल आणि ऑरोराच्या वेशीवर राहतो. घर १९८६ सालचं. झोपायच्या सगळ्या खोल्या वर. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि जिन्याखाली एक चिंचोळं टॉयलेट. मार्चमध्ये बाबांच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. डॉक्टर म्हणाले, चाला भरपूर, पण जिने टाळा. आईबाबा दोन वर्षांतून एकदा येतात, सहा महिने राहतात. यंदा दिवाळीला यायचं ठरलं होतं, ९ ऑक्टोबरची तिकिटं काढून झाली होती. तेव्हा खालची जेवणाची खोली, जिच्यात आम्ही वर्षातून दोनदा जेवलो असू, ती त्यांना झोपायला द्यायची आणि टॉयलेटची भिंत मागे सरकवून बसून अंघोळ करता येईल असं न्हाणीघर काढायचं, असा बेत केला.

तीन ठिकाणांहून अंदाज मागवले. ज्याला काम दिलं तो मेक्सिकोतल्या मिचोआकानमधून लहानपणी आईबापांबरोबर आलेला, आता अमेरिकन नागरिक. चव्वेचाळीस हजार डॉलर, आठ आठवडे, पैसे पाच टप्प्यांत. चांगल्या कारागिराचं नाव आपण एरवी दहा जणांना आपणहून सांगतो. यंदा त्यानेच सांगितलं की फोटो हवे तेवढे दाखवा, नाव मात्र कुठे लिहू नका. म्हणून इथे कुणाचंच नाव नाही.

जूनमध्ये करारावर सह्या करत होतो तेव्हा लॉस एंजेलिसच्या बातम्या चालू होत्या. ६ जूनपासून तिथे कागदपत्रांविना राहणाऱ्या परदेशी लोकांना पकडायला सरकारी धाडी सुरू झाल्या होत्या. होम डेपो या बांधकाम-सामानाच्या दुकानांच्या पार्किंगमध्ये सकाळी कामाच्या आशेने उभे राहणारे मजूर पकडले जात होते. आपल्याकडे मजूर नाक्यावर डबा आणि थापी घेऊन माणसं उभी असतात, तशीच ही माणसं. मी सहज विचारलं, "आपल्याकडे असलं काही नाही ना?" तो म्हणाला, "अजून तरी नाही." ते "अजून तरी" तेव्हा माझ्या कानावरून गेलं.

काम ११ ऑगस्टला सुरू झालं आणि पहिले चार आठवडे दृष्ट लागावी असं चाललं. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेत. रोज रात्री, म्हणजे त्यांच्या सकाळी, त्यांना व्हिडिओ कॉलवर काम दाखवायचं हा नेम झाला होता. इथली लाकडी चौकटीची घरं त्यांना मुळात पसंत नाहीत. काड्यापेटीचं घर म्हणतात. पण शिकागोच्या आसपास घरातली वायरसुद्धा धातूच्या नळीतूनच न्यावी लागते, अमेरिकेत इतर बहुतेक ठिकाणी असा नियम नाही. ते पाहून मात्र खूष झाले. "हे शहाणपणाचं आहे. उद्या वायर बदलायची म्हटली तर भिंत फोडायला नको." नळकाम, वायरिंग, चौकट यांची तपासणी ४ सप्टेंबरला पहिल्या फटक्यात पास झाली. तोवर भिंती उघड्या ठेवाव्या लागतात, तपासनीसाने सही केली की मगच बोर्ड लावता येतात. दुसऱ्या दिवशी बोर्ड येऊन पडले.

बोर्डांच्या भिंतीचं काम दोन वेगळे लोक करतात, हे मला माहीत नव्हतं. बोर्ड कापून स्क्रूने बसवणारे वेगळे, त्यांचं काम दोन-तीन दिवसांत उरकतं. दोन बोर्डांमधले सांधे भरणारा वेगळा, त्याला टेपर म्हणतात. सांध्यावर लगदा लावायचा, त्यात कागदाची पट्टी बसवायची, वरून लगद्याचे आणखी हात मारायचे, प्रत्येक हात वाळायला एक दिवस द्यायचा, शेवटी घासायचं. आपल्याकडे रंगारी लांबी भरतात त्याचाच हा भाऊ. या कामावाचून पुढचं काहीच हलत नाही. रंग नाही, फरशी नाही, दाराच्या चौकटी नाहीत, दिवे नाहीत. सगळे त्या एका माणसाची वाट बघत बसतात.

आमचा टेपर ऑगस्टच्या शेवटी खोली बघायला येऊन गेला होता. पंचावन्नच्या आसपासचा, बुटका, मनगटं जाड, बोलणं अगदी कमी. खोली बघून झाल्यावर तो आमच्या जुन्या बैठकीत आला, दिवे मालवले, खिशातून टॉर्च काढला आणि भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरला. ज्या भिंतीला मी नऊ वर्षं सपाट समजत होते तिच्यावर एकदम शेताच्या बांधासारख्या वरंब्या दिसायला लागल्या. "घाईत केलंय," एवढंच तो म्हणाला. मग तळहात फिरवून एक जागा दाखवली, जिथे कागदाखाली हवा राहिली होती. फोनवर बाबा हे सगळं बघत होते. म्हणाले, "अगं, हा मिस्त्री अस्सल आहे. याला चहा दे."

८ सप्टेंबर, सोमवार. बोर्ड बसवणारे तिघे त्या सकाळी आले. त्याच दिवशी अंतर्गत सुरक्षा खात्याने शिकागो परिसरात तशाच धरपकडीची मोहीम जाहीर केली, तिला नाव दिलं "मिडवे ब्लिट्झ". तिघे मंगळवारी आले, बुधवारी आले, दुपारी शेवटचा बोर्ड लावून गेले. जेवायच्या सुट्टीत आधीचे कामगार बाहेर झाडाखाली बसायचे. त्या तीन दिवसांत हे तिघे गॅरेजचं दार खाली ओढून आत बसले. मला वाटलं, ऊन असेल.

शुक्रवारी, १२ तारखेला सकाळी, फ्रँकलिन पार्कमध्ये, म्हणजे आमच्यापासून पाऊण तासावर, मुलांना शाळेत पोचवून निघालेल्या एका माणसाची गाडी अडवली गेली आणि त्यात इमिग्रेशन अधिकाऱ्याच्या गोळीने तो माणूस गेला. अडतीस वर्षांचा होता. मी ती बातमी वाचली, हळहळले आणि सोमवारी टेपर येणार म्हणून खोली झाडून ठेवली.

सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी नाही. मी कॉन्ट्रॅक्टरला दिवसाला तीन-तीन निरोप धाडले. त्यातला एक अजून फोनमध्ये आहे: "आमची तिकिटं ९ ऑक्टोबरची आहेत, हे तुम्हाला करारातच सांगितलं होतं." खरं होतं ते. पण आज तो निरोप वाचला की पोटात कालवतं.

गुरुवारी संध्याकाळी तो स्वतः घरी आला. नेहमीचा पिकअप ट्रक नव्हता, बायकोची मिनीव्हॅन होती. टपावर शिड्या नाहीत, दारावर नाव नाही, हत्यारं मागच्या सीटखाली चादरीत गुंडाळलेली. ट्रकवर शिडी दिसली की गाडी अडवतात, म्हणाला. तो नागरिक आहे, तरी पासपोर्ट खिशात. त्याच्याकडे नेहमीची सात माणसं, त्यातली दोन कामावर येत होती. बाकीच्यांपैकी कुणाचे कागद कसे आहेत ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, की ज्यांचे कागद पक्के आहेत त्यांच्याही बायका त्यांना घराबाहेर पडू देत नाहीत. कामाच्या जागेपेक्षा रस्त्याची भीती मोठी. घरापासून कामापर्यंतचा तो अर्धा तास.

टेपरबद्दल मात्र त्याने मोकळेपणाने सांगितलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. हा माणूस होंडुरासचा. १९९८ मध्ये मिच वादळाने तो देश उद्ध्वस्त केला, तेव्हा तो आधीच अमेरिकेत होता. अशा लोकांना अमेरिकेने १९९९ च्या सुरुवातीला इथे राहण्याचं आणि काम करण्याचं तात्पुरतं संरक्षण दिलं, इथे सगळे त्याला टीपीएस म्हणतात. बहुतेक वेळा दीड-दीड वर्षाची मुदत. दर वेळी अर्ज, फी, बोटांचे ठसे, कामाचं नवं कार्ड. तात्पुरतं म्हणता म्हणता ते सव्वीस वर्षं चाललं. त्याने घर घेतलं, कर भरला, पुतण्याला हाताशी धरून शिकवला. होंडुरासच्या लोकांचं हे संरक्षण सरकारने संपवलं आणि मुदत संपली ती नेमकी ८ सप्टेंबरला. "त्याला कुणी काढलं नाही," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. "त्याने स्वतः फोन केला. म्हणाला, सव्वीस वर्षांत एक दिवस कागदाशिवाय काम केलं नाही, आता या वयात करणार नाही."

मी त्याला चहा दिला. आलं घातलेला चहा त्याला आवडतो. दोघंही थोडा वेळ त्या पडद्यामागच्या खोलीत जाऊन उभे राहिलो. करड्या बोर्डांवर स्क्रूच्या डोक्यांच्या ओळी, मध्ये करंगळीएवढ्या फटी, आणि एका बोर्डावर पेन्सिलीने मापं लिहिलेली. सात हा आकडा मधून रेघ मारून लिहिलेला होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, १९ सप्टेंबरला, एच-वन-बी व्हिसाच्या एक लाख डॉलर फीची घोषणा झाली. नवरा तेव्हा पुण्यात होता, सासऱ्यांच्या श्राद्धाला गेलेला. रविवारी सर्वपित्री. आम्ही दोघंही याच व्हिसावर आहोत आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत २०१४ पासून उभे आहोत. कंपनीच्या वकिलांचा निरोप आला, की बाहेर असलेल्यांनी रविवार उजाडायच्या आत अमेरिकेत पोचा. पुण्यात शनिवारची पहाट होती. तो तसाच उठून गाडी करून मुंबईला गेला, मिळेल त्या विमानात बसला आणि शनिवारी रात्री ओहेअरला उतरला. विमानात असताना खुलासा आला, की ही फी फक्त नव्या अर्जांना, आहे त्या व्हिसाला नाही. श्राद्ध दिराने केलं. नवरा घरी आला तो बोललाच नाही, पडदा सारून त्या अर्धवट खोलीत जाऊन उलट्या बादलीवर बसला.

आमची आणि टेपरची गोष्ट एकच आहे असं मी म्हणणार नाही. आमची भीती एका दिवसात निवळली, आमच्या मागे कंपनी होती, वकील होते. पण त्या रात्रीपासून मी कॉन्ट्रॅक्टरला "कधी येणार" हा प्रश्न विचारणं बंद केलं.

तिकिटं पुढे ढकलायची ठरली. आईने फोनवर विचारलं, "पण कामगार का येत नाहीत? पैसे दिले नाहीत का तुम्ही?" बाबांना समजावून सांगावं लागलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत साताऱ्याच्या आमच्या घरासमोरून, हायवेने, माणसं पोरं कडेवर घेऊन चालत जायची. आईने आणि शेजारणींनी महिनाभर भाकरी-पिठल्याची पुडकी बांधली होती. त्या वर्षी बाबांच्या मित्राच्या बंगल्याचा स्लॅब तसाच सळ्यांवर राहिला, पावसात सळ्या गंजल्या. बाबा म्हणाले, "घाई करू नकोस. मिस्त्रीला सांग, तुम्ही जपा."

मग मी दुसरे टेपर शोधले. बारा फोन केले. पाचांनी उचलले नाहीत, चौघांनी डिसेंबरनंतर बघू म्हटलं, दोघं पैशावर अडले. एक पोलिश गृहस्थ यायला तयार झाले, पण दर जवळजवळ दुप्पट आणि तारीख नाताळानंतरची. त्यांनीच फोनवर समजावलं. देशात बांधकामाच्या धंद्यात काम करणाऱ्यांत साधारण चौथा हिस्सा परदेशात जन्मलेला आहे, पण तो सगळ्या कामांत सारखा वाटलेला नाही. जिप्समचे बोर्ड, गिलावा आणि छप्पर या कामांत ही माणसं निम्म्याहून जास्त. म्हणजे अडतं ते नेमकं याच ठिकाणी. "आता सगळे मला फोन करतात," ते म्हणाले, "आणि मी एकटा आहे. माझे गुडघे साठ वर्षांचे आहेत."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टरने विचारलं, ऑरोरात दोन माणसं आहेत, सांधे भरायचं काम येतं, पण गाडी चालवायला घाबरतात. सकाळी सातला तुम्ही तुमच्या गाडीतून आणाल का, संध्याकाळी सोडाल का? बारा मिनिटांचा रस्ता. माझं मन लगेच हो म्हणालं. रात्री नवरा म्हणाला, वकिलाला विचारू. आमच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, की कागद तपासून आय-नाइन फॉर्म भरून घेणं ही ज्याची माणसं त्याची, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरची जबाबदारी, घरमालकाची नाही; पण कागद नसलेला माणूस आहे हे ठाऊक असताना त्याला गाडीतून नेलं तर तो गुन्हा ठरू शकतो, आणि परदेशी व्हिसावरच्या माणसाला असला डाग पुढे सगळीकडे नडतो. मी म्हटलं, त्यांच्याकडे कागद आहेत की नाहीत हे मला माहीतच नाही. त्या म्हणाल्या, "ते घाबरतात एवढं तुम्हाला माहीत आहे. कोर्टात तुम्हाला हेच विचारतील."

मी कॉन्ट्रॅक्टरला नाही म्हटलं. त्याने एका शब्दाने बोल लावला नाही, उलट म्हणाला, विचारायलाच नको होतं मी. मला मात्र ते "नाही" अजून पचलेलं नाही. दोन घरांत त्या आठवड्याचे पैसे आले नाहीत आणि माझी गाडी अंगणात उभी होती.

जे करता आलं ते केलं. बोर्ड बसवणाऱ्यांचे पैसे करारानुसार सांधे भरल्यावर द्यायचे होते, ते त्याच दिवशी देऊन टाकले. कॉन्ट्रॅक्टरच्या बायकोच्या चर्चमधून घराबाहेर न पडणाऱ्या कुटुंबांना किराणा पोचवत होते. दर शनिवारी मी तांदळाची वीस पौंडी पिशवी, तेल आणि वाल-राजमा नेऊन द्यायचे. तिथल्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे मसूर कसा करतात? मग एका रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात चाळीस माणसांची मसुराची आमटी केली, गोडा मसाला घालून. त्यांना ती तिखट वाटली नाही, आंबटगोड वाटली.

शहरातून बातम्या येत होत्या. शिकागोतल्या लिटिल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीतला सव्विसावा रस्ता, जिथे शनिवारी चालायला जागा नसते, तो ओस पडला होता. लोकांनी गळ्यात शिट्ट्या अडकवल्या होत्या, अनोळखी गाड्या आणि तोंड झाकलेली माणसं दिसली की शिट्टी वाजवायची. ९ ऑक्टोबरला, म्हणजे ज्या दिवशी आईबाबा यायचे होते त्याच दिवशी, फेडरल न्यायाधीशांनी शिकागोत नॅशनल गार्डच्या सैनिकांची तैनाती रोखली. आमच्या गल्लीत एका सकाळी पानं गोळा करणारे चौघं यंत्रं तशीच चालू टाकून शेजाऱ्यांच्या मागच्या कुंपणावरून पळाले. नंतर कळलं, आलेली गाडी गॅस कंपनीची होती. शेजारीण यंत्रं बंद करून गॅरेजमध्ये ठेवत होती तेव्हा तिचे हात थरथरत होते. मीही तेव्हापासून बागेत जाताना कागद जवळ ठेवायला लागले.

दिवाळीला त्या खोलीच्या बाहेर पणती लावली, आत लावायला खिडकीची कडाच नव्हती. पाडव्याला मी ठरवलं, आपण स्वतः करून बघू. बादलीभर लगदा, कागदाचं रीळ आणि तीन मापांच्या पट्ट्या आणल्या. कपाटाच्या आतली भिंत निवडली, जिथे कुणी बघणार नाही. आठ फुटांचा एक उभा सांधा. लगदा लावला, कागद बसवला, वरून पट्टी ओढली. कागद पट्टीबरोबर वर निघून आला. पुन्हा बसवला. जास्त दाबला तर कागदाखाली लगदाच उरत नाही, कमी दाबला तर हवा राहते. तासाभराने खांदा भरून आला. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर तीन ठिकाणी फोड आले होते आणि मधोमध साप गेल्यासारखी वरंबी. टॉर्च न लावताही दिसत होती. त्या खोलीत असे एकोणीस सांधे होते, न्हाणीघरात अकरा, शिवाय कोपरे आणि छत. माणूस सव्वीस वर्षं हे करतो तेव्हा त्याच्या हातात काय साठत असेल, ते मला त्या एका सांध्याने दाखवलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर सीमा गस्ती दलाची मोठी तुकडी शिकागोतून हलली आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला गेली. तिथे १५ नोव्हेंबरला धरपकड सुरू झाली. शार्लटच्या माझ्या मैत्रिणीचा सोमवारी फोन आला, तिच्या मागच्या बाजूला चाललेल्या तीन घरांच्या कामावर सकाळपासून चिटपाखरू नव्हतं. आमच्याकडे हळूहळू शिड्या पुन्हा दिसायला लागल्या. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी तिचा आवाज आठवून लाजही वाटली.

२२ नोव्हेंबरला, शनिवारी, टेपरचा पुतण्या आला. एकोणीस वर्षांचा, इथेच जन्मलेला, कॉलेजात एअर कंडिशनिंगचं शिकतो. काकाच्या पट्ट्या घेऊन आला होता. लाकडी मुठी झिजून चार बोटांच्या आकाराच्या झालेल्या. लगद्याच्या बादलीत सगळ्यात खाली, झिपलॉकच्या पिशवीत, त्याचा निळा अमेरिकन पासपोर्ट. काम सुरू करायच्या आधी त्याने फोन रंगाच्या डब्याला टेकवून उभा केला. पलीकडे काका होता, स्वतःच्या स्वयंपाकघरात, बनियनवर.

पुढचे चार शनिवार-रविवार हे असंच चाललं. मुलगा सहा इंची पट्टीने पहिला हात मारायचा, पुढच्या वेळी दहा इंची, मग बारा इंची, दर हाताला लगदा अधिक पातळ आणि अधिक रुंद. काका फोनमधून कान लावून ऐकायचा. हो, ऐकायचाच. पट्टी भिंतीवरून ओढली जाते तिचा आवाज जरा बदलला की म्हणायचा, "थांब. खडा आलाय. पट्टी पूस." दिसत नव्हतं त्याला, पण कळत होतं. कपाटातला माझा सांधा मुलाने न बोलता कापून काढला आणि नव्याने भरला. एका रविवारी माझ्या फोनवर बाबा आले. मी तोही फोन खिडकीत ठेवला. बाबांना स्पॅनिश येत नाही, काकाला मराठी येत नाही. बाबा म्हणाले, "मिस्त्री, कोपरा बघा, कोपरा." त्याच वेळी काकाही मुलाला काहीतरी म्हणाला आणि मुलगा हसून कोपऱ्याकडे वळला.

काकाचे पैसे कसे द्यायचे हा प्रश्न होता. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, काम मुलाने केलंय, चेक मुलाच्या नावाने. मी ठरलेल्या रकमेचा चेक दिला. निघताना मुलाच्या हातात आईने मागे पाठवलेल्या भाजणीचा डबाही दिला, थालीपीठ कसं थापायचं ते तोंडी सांगून. कितपत जमलं असेल कोण जाणे.

पुढचं झपाट्याने झालं. फरशी बसवणारा परत आलाच नाही. तो सप्टेंबरच्या अखेरीस कुटुंब घेऊन भावाकडे दुसऱ्या राज्यात गेला होता. फरशी कॉन्ट्रॅक्टरने स्वतः लावली, सांध्यांत ग्राउट भरायला त्याची बायको आली. १६ जानेवारीला शेवटची तपासणी झाली. आमच्या परमिटवर अट होती की काम सलग १८० दिवस थांबलं तर ते रद्द. तेवढी वेळ आली नाही. तिकिटं बदलण्याचे आणि इतर असे सगळे मिळून अकराशे डॉलर जास्तीचे गेले. कपाटाचं एक दार अजून लागायचं आहे.

आईबाबा ३१ जानेवारीला आले, बाहेर गुडघाभर बर्फ. बाबांनी कोट काढायच्या आधी न्हाणीघरातल्या बाकावर बसून पाहिलं, दांडीला धरून उठले, पुन्हा बसले. रात्री जेवणं झाल्यावर दिवे मालवायला सांगितले. माझ्या फोनचा टॉर्च घेतला आणि भिंतीला आडवा धरून, काठी टेकत, खोलीभर फिरले. मी मागे होते. काही दिसलं नाही त्यांना. "मिस्त्री कुठे आहेत सध्या?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, घरीच आहेत, त्या संरक्षणाबद्दलचा कोर्टातला दावा चालू आहे. "मग हा फोटो त्यांना पाठव. असाच, टॉर्च लावून."

मी पुतण्याला पाठवला. दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं: काका म्हणतो, खिडकीच्या वर, डाव्या कोपऱ्यात अजून एक हात हवा होता. मला परत काम करता आलं की मी येऊन मारतो.

बाबा टॉर्च घेऊन पुन्हा त्या कोपऱ्याशी गेले आणि मान वर करून बराच वेळ बघत राहिले. "आहे खरं," ते म्हणाले.